नव्या सोसायटीतले सायकल स्टँड: कोणता घ्यावा, कोणता नाही

नव्या इमारतीत सायकलींसाठी बहुतेक वेळा एकच गोष्ट बसवलेली दिसते: जमिनीलगत सळ्यांची जाळी, पुढचं चाक खोचण्यासाठी. हा स्टँड स्वस्त आहे, पण घेऊ नका. तो फक्त चाक धरतो. शेजारची सायकल काढताना जरा धक्का लागला की सगळा भार रिमवर येतो. रिम वाकते, स्पोक तुटतात. डिस्क ब्रेक असेल तर चकती सळईला घासून वाकते. कुलूपही चाकालाच लागतं, म्हणजे क्विक रिलीजचं (पाना न लावता खटक्याने निघणारं) चाक जागेवर राहतं आणि सायकल जाते.

उलट्या 'यू' आकाराचा शेफिल्ड स्टँड यापेक्षा कितीतरी चांगला. त्याला फ्रेम टेकते, फ्रेम आणि चाक एकाच कुलपात येतात, दोन्ही बाजूंना एकेक सायकल लागते. साधारण 50 मिमी व्यासाची नळी, जमिनीवर 750 मिमी उंची आणि खाली काँक्रीटमध्ये 300 मिमी पाय, एवढं ऑर्डरमध्ये लिहूनच द्या. मधे 350-400 मिमीवर एक आडवी नळी मागा, नाहीतर मुलांच्या छोट्या सायकली टेकायला काही राहत नाही. पावडर कोटिंग कुलपाच्या घासण्याने उडतं आणि पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला स्टँड टिकतो.

खरी गडबड बसवताना होते. दोन स्टँडमध्ये 1 मीटर हवा. जास्त सायकली बसाव्यात म्हणून 600 मिमी ठेवलं तर हँडलं अडकतात आणि प्रत्येक स्टँडला एकच सायकल लागते. 2.5 बाय 5 मीटरच्या एका कारच्या जागेत पाच स्टँड, म्हणजे दहा सायकली मावतात. पण ती जागा रांगेच्या टोकाची आणि लांब बाजूने मोकळी हवी. दोन गाड्यांच्या मधली दिली तर आतल्या सायकली निघतच नाहीत.

पोडियमवर, म्हणजे बेसमेंटच्या छतावरच्या मोकळ्या अंगणात, बोल्ट ठोकू देऊ नका. वॉटरप्रूफिंगला भोक पडतं आणि गळती खाली बेसमेंटमध्ये उतरते. तिथे दोन आडव्या पट्ट्यांवर वेल्ड केलेली स्टँडची सलग रांग घ्या, ती नुसती ठेवता येते.

दुमजली रॅक ब्रोशरमध्ये छान दिसतो. वरच्या मजल्याला भार उचलायला मदत करणारी गॅस स्प्रिंग नसेल तर 20-25 किलोची ई-सायकल तिथे चढवणार कोण? ज्येष्ठांना आणि मुलांना तर तो निरुपयोगीच.

जागा तळमजल्यावर, लिफ्टजवळ, छपराखाली आणि वॉचमनच्या नजरेत मागा. बेसमेंटच्या 1:8 उताराच्या रॅम्पवरून रोज सायकल ढकलत आणायची म्हटलं की ती धूळ खात पडते. घरकामाच्या मावशी, पेपरवाले, खुद्द वॉचमन सायकलीवर येतात. गेटजवळ त्यांच्यासाठी दोन-तीन स्टँड वेगळे हवेतच. ई-सायकलींसाठी भिंतीवर 6 अँपिअरचे सॉकेट पुरतात, मात्र त्या सर्किटला आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) लावून घ्या.