विहिरीचा वाद मध्यस्थीने मिटवला, त्याला दहा महिने झाले

सामाईक विहिरीच्या पाण्यावरून चुलत भावाशी सहा वर्षं दावा चालला. मनाई अर्ज, तारखांवर तारखा, सगळं झालं. शेवटी न्यायाधीशांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. माझं मन नव्हतं. आज वाटतं, हे पहिल्याच वर्षी करायला हवं होतं.

मध्यस्थ म्हणजे लवाद नव्हे. लवाद निवाडा देतो. मध्यस्थ फक्त बोलतं करतो, ठरवायचं आपण. आमच्या मध्यस्थ एक वकीलबाई होत्या. त्यांची फी आम्हाला पडली नाही. पहिली बैठक वाया गेली, कारण भावाने नुसता वकील पाठवला. दुसऱ्या वेळी बाईंनी आम्हाला वेगवेगळं बसवलं. तिथलं बोलणं आपण हो म्हटल्याशिवाय समोरच्याला सांगत नाहीत आणि समेट फिसकटला तरी ते कोर्टात पुरावा होत नाही. म्हणून मनातलं बोलता आलं.

आमची पाण्याची पाळी आठवड्याची, आणि मोटारीला लागणारी थ्री फेज लाइटही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्यामुळे माझ्या वाट्याला कायम रात्र. पंचाहत्तरीतले वडील बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, जायचे. दाव्यात मात्र मी ‘निम्मा हिस्सा’ एवढंच लिहिलं होतं! भावाचं दुखणं वेगळंच निघालं: मोटार दोनदा जळाली, वाइंडिंगचे पैसे त्याने एकट्याने भरले. ते खरंच होतं. मी तिथेच कबूल केलं.

मग लिहिलं, दर आठवड्यात तीन-तीन दिवस पाळी, रविवार आळीपाळीने. स्टार्टर पेटीच्या किल्ल्या दोघांकडे. दुरुस्ती निम्मी-निम्मी. त्यावर कोर्टाने हुकूमनामा, म्हणजे अंतिम आदेश, केला. फेब्रुवारीत मोटार पुन्हा जळाली, तेव्हा माझा हिस्सा मी त्याच संध्याकाळी नेऊन दिला. वहिनींनी चहा ठेवला. सहा वर्षांत त्या घरचा उंबरा ओलांडला नव्हता.

एक चूक सांगतो. विहिरीचा गाळ कोणी काढायचा, हे लिहायचं राहिलं. मे महिन्यात त्यावरून बारा दिवस अबोला झाला. तडजोडीला बसाल तेव्हा वर्षभराची सगळी कामं महिन्यावार आठवून आधी कागदावर उतरवा. आम्ही पुढे साध्या कागदावर खर्चाची वाटणी लिहिली, दोघांनी सह्या केल्या, आणि तो कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय.