जुनी डीसी मोटर रिवाइंडिंगला देताय? बडोद्यात मला साडेनऊ हजारांचा चुना लागला

मंडळी, बॅटरीवर चालणारं कुठलंही जुनं धूड तुमच्याकडे असेल, गोल्फकार्ट म्हणा, फोर्कलिफ्ट म्हणा, तर मोटरची तार नव्याने गुंडाळून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे जायच्या आधी एवढं वाचा.

आमच्या पादरा रोडच्या वाडीत जीईचा (जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा) इलेक-ट्रॅक आहे. गवत कापायचा, ट्रॉली ओढायचा छोटा इलेक्ट्रिक ट्रॅक्टर, १९६९ साली अमेरिकेत बाजारात आलेला. चुलतभाऊ न्यू जर्सी सोडून परत आला तेव्हा घरसामानाच्या कंटेनरमध्ये घालून घेऊन आला, हौस त्याची आणि निस्तरायचं आम्ही! सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, म्हणजे ३६ व्होल्ट. गेल्या पावसाळ्यानंतर तो चढावर दम टाकायला लागला, कॉन्टॅक्टर (मोटरला करंट जोडणारा मोठा स्विच) टकटक वाजायचा, गाडी झटका देऊन बंद, आणि जळका वास.

एका वाइंडिंगवाल्याला वाडीत बोलावलं. दुकानाचं नाव देत नाही. त्याने मीटर लावून बॅटऱ्या दाखवल्या, ३८ व्होल्ट, "बॅटरी तो एकदम ओके छे". मग मोटर उतरवून उघडली, मीटर बझरवर ठेवला (दोन टोकांमध्ये करंटला सहज वाट असली की वाजतो) आणि आर्मेचरवरच्या, म्हणजे तार गुंडाळलेल्या फिरत्या भागावरच्या, कॉम्युटेटरच्या (ब्रश टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांना टोकं लावली. पीं. पुढच्या दोन, परत पीं. "जुओ साहेब, आखुं आर्मेचर शॉर्ट छे." रिवाइंडिंग साडेनऊ हजार, अमेरिकन माल म्हणून तार स्पेशल मागवायला लागेल, अर्धे अॅडव्हान्स.

आता खरी गंमत ऐका. ती पीं चांगल्या आर्मेचरलाही वाजणारच! कमी व्होल्टेजच्या मोटरमध्ये वेटोळी मोजकी आणि तार जाड, रेझिस्टन्स जवळजवळ शून्य, मीटर बिचारा वाजणार नाही तर काय करेल. वेटोळं शॉर्ट आहे का ते ग्राउलरवर (आर्मेचर तपासायचं एसीवर चालणारं चुंबकाचं यंत्र) कळतं, आर्मेचर त्यावर फिरवत वरून हॅकसॉचं पातं धरायचं, शॉर्ट असेल तिथे पातं थरथरतं. आणि बॉडीला करंट जातोय का ते बघायला मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर), एक टोक कॉम्युटेटरला, दुसरं शाफ्टला. त्याने यातलं काहीच केलं नव्हतं.

मोटर परत आली ती लालभडक वार्निश मारून, अगदी नवी कोरी. दुकानातच १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरवून दाखवली, अहो पण लोड नसताना मरायला टेकलेली मोटरसुद्धा फिरते. जुनं तांबं मागितलं तर कुरकुर करत एक पिशवी दिली. उरलेले पैसे घेतले, बिल म्हणजे पॅडवरची चिठ्ठी, त्यावर फक्त "मोटर रिपेर". ट्रॅक्टरला बसवली आणि चढावर परत तेच, टकटक आणि बंद.

मग मामांना बोलावलं. मामा बडोद्याच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून रिटायर झालेत, जुन्या इंजिनांच्या डीसी ट्रॅक्शन मोटरी खोलण्यात जन्म गेला. त्यांनी आधी पिशवीच उघडली आणि हसायलाच लागले. आत शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक तार, पंख्याची वगैरे असेल. "अरे, शंभर अँपिअर ओढणाऱ्या मोटरमध्ये ही तार असती तर पहिल्याच दिवशी धूर झाला असता." मग आर्मेचर बाहेर काढून वार्निशवर नख ओढलं, खाली ब्रशची जुनी काळी पूड तशीच चिकटलेली. वाइंडिंगला हातसुद्धा लावला नव्हता, वरून नुसता रंग.

खरा फॉल्ट काढायला मामांना अर्धा तासही लागला नाही. गाडी चढावर लोडवर घेतली, बॅटऱ्यांवर ३५ व्होल्ट, मोटरच्या टर्मिनलवर २८. सात व्होल्ट वाटेत कुठेतरी जिरताहेत! मग मीटरचं एक टोक बॅटरीवर ठेवून दुसरं केबलवरून एकेक जोड पुढे नेत गेले (सगळी वायरिंग ठीक असेल तर हा आकडा अर्ध्या-एक व्होल्टच्या वर जात नाही), आणि सीटखालच्या एका लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) तो एकदम उडाला. लगला हात लावला तर चटका बसला, स्लीव्ह वितळलेली, आत हिरवी पांढरी पूड आणि धड राहिलेल्या तारा मोजक्याच. वास तिथूनच येत होता. नवी केबल, दोन लग, क्रिम्पिंग, सगळं मिळून हजाराच्या आत. नो-लोडला मीटरने ३८ दाखवले ते खोटं नव्हतं, पण करंटच वाहत नसेल तर व्होल्टेज पडणार कुठून.

तर मोटर देताना आर्मेचरचा फोटो काढून ठेवा, ग्राउलरची टेस्ट समोर करायला सांगा, जुन्या तारेचा तुकडा आपल्या मोटरच्या तारेशी जाडीला लावून बघा, आणि पक्क्या बिलावर "आर्मेचर रिवाइंड" असं लिहून घ्या. माझ्या चिठ्ठीवर "रिपेर" होतं, तिथेच तो सुटला. मामांना घेऊन दुकानात गेलो तेव्हा आधी आवाज चढवला, मग मामांनी ग्राउलर मागितला तसा नरमला आणि अडीच हजार परत दिले. बाकीचे म्हणे कारागिराची मजुरी. कसली मजुरी ते विचारायला फोन करतोय, उचलत नाही.