२७ इंची फोर-के मॉनिटर: नऊ महिने आणि एक हिरवा ठिपका

मी वेबसाइटी बनवतो. परवा नागपूरच्या इतवारीतल्या मसालेवाल्या गिऱ्हाइकाचा फोन. "भाऊ, आमच्या घरी कोणी गेलं का?" मी दचकलो. "नाही म्हणजे, साइटवर तिखट-हळदीच्या पुड्यांभोवती काळ्या चौकटी काऊन टाकल्या? पेपरातल्या निधनवार्तेसारखं दिसून राहिलं." फोन ठेवला आणि म्हटलं, आता या मॉनिटरबद्दल लिहायलाच पाहिजे.

दिवाळीच्या सेलमध्ये घेतला. सत्तावीस हजार, म्हणजे इंचाला हजार. फोर-केचे आकडे सगळ्यांना माहीतच आहेत: आडवे ३८४० बाय उभे २१६०, गुणाकार केला तर ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके. त्यातला एक बिघडलेला निघाला. उजव्या कडेपासून चार बोटांवर, कायम हिरवा.

हा ठिपका पांढऱ्यावर दिसत नाही, हळदीच्या पिवळ्यावरही नाही. तिखटाच्या लालावर मात्र हिरवा मिसळून पिवळा होतो, हुबेहूब मिरचीचं बी. फोटोतून ते बी काढायला मी पंधरा मिनिटं फोटोशॉपचा डाग पुसणारा हीलिंग ब्रश घासत होतो. शेवटी फोटो सरकवला तर बी जागेवरच.

बर्डीवर सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या पोराने आत जाऊन कागद आणला: एका पिक्सेलवर पॅनल बदलून मिळत नाही. मी म्हटलं, मग पैसे देतानाही एक पिक्सेल कमी धरायचा होता. तो हसला, मी नाही. अडकलेला पिक्सेल सुटेल या आशेने घरी येऊन रंग भराभर बदलणारा व्हिडिओ रात्रभर लावून ठेवला. ठिपका गेला नाही, यूपीएसची बॅटरी तेवढी उतरली, कारण मध्ये लाइट गेली होती.

पहिल्या महिन्यात आणखी एक राग होता. माऊस चिखलातून ओढल्यासारखा चालायचा. मॉनिटरच फालतू, असं मी चार जणांना सांगून मोकळा झालो. ते शब्द मागे घेतो. माझ्या जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय, म्हणजे मॉनिटर जोडायचं भोक, जुन्या १.४ आवृत्तीचं, त्यातून फोर-के चित्र सेकंदाला तीसच वेळा जातं. भाच्याने लॅपटॉपच्या कडेचं मिनी डिस्प्लेपोर्टचं दुसरं भोक दाखवलं, चारशे रुपयांची केबल आणली, साठ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साठ वेळा झाले. चूक माझी होती.

आता कामाचं. पॅनल एवढं बारीक आहे, इंचात १६३ पिक्सेल, की विंडोजला १५० टक्के स्केलिंग, म्हणजे सगळं दीडपट मोठं, ठेवावं लागतं, नाहीतर मेनू वाचायला भिंग लागेल. घोळ इथेच सुरू होतो. १२०० बाय ४०० चा बॅनर फोटोशॉपमध्ये शंभर टक्क्यांवर पाहिला तर सव्वासात इंचाचा, धारदार. तोच ब्राउझरमध्ये उघडला की अकरा इंच आणि मऊ, कारण ब्राउझर ते दीडपट पाळतो, १२०० पिक्सेलची भाकरी ओढूनताणून १८०० वर थापलेली असते. सुरुवातीला वाटलं एक्स्पोर्ट बिघडला. दोन दिवस जेपीईजीची क्वालिटी वाढवत बसलो, वजन वाढलं, धार नाही आली. उपाय साधा आहे: दुप्पट मापाचा, म्हणजे २४०० बाय ८०० चा बॅनर काढायचा, पानाच्या कोडमध्ये, म्हणजे एचटीएमएलमध्ये, एसआरसीसेट नावाच्या यादीत दोन्ही द्यायचे, ज्या स्क्रीनला जो पाहिजे तो ती उचलते. पिक्सेल चौपट होतात, पण दुप्पट मापात क्वालिटी उतरवली तरी डोळ्याला कळत नाही, त्यामुळे फाइल चौपट होत नाही. लोगो आणि चिन्हं एसव्हीजीत, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांच्या रूपात, ठेवली की हा प्रश्नच उरत नाही.

आणि ती चौकट. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये एक पिक्सेलची रेघ मारली की १५० टक्क्यांवर ती दीड पिक्सेल व्हायला हवी. दीड पिक्सेल काढता येत नाही, म्हणून ब्राउझर खाली उतरून एकच काढतो. या पॅनलवर एक पिक्सेल म्हणजे मिलिमीटरचा सहावा हिस्सा. मला ती रेघ केसासारखी दिसली, मी सीएसएसमध्ये दोन पिक्सेलची केली. माझ्याकडे मस्त, नाजूक, लग्नपत्रिकेसारखी. इतवारीत गल्ल्यावरच्या १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर तीच जाड सुतकी चौकट. अंदाज एकदा चुकला की सगळीकडे चुकतो. बारीक वजनाच्या देवनागरी फॉन्टमध्ये मी 'शुद्ध मसाले' लिहिलं होतं. इथे 'द्ध' मधली प्रत्येक वळणवाट दिसते, खरं सांगतो, नऊ महिन्यांत याच एका गोष्टीने मन भरत नाही. तिथे 'द्ध'चा काळा गोळा, आणि 'हिंग' वरचा अनुस्वार शिरोरेषेला चिकटलेला. गिऱ्हाइकाने 'हिग' वाचलं.

म्हणून जुना २४ इंची फुल एचडी, जो मी अडीच हजारांना काढायला निघालो होतो, परत टेबलावर आला. बनवायचं नव्यावर, पास करायचं जुन्यावर. घेणारा रोज विचारतो, आता मीच फोन उचलत नाही.

बाकी रंग ठीक, उजेड भरपूर, मे महिन्यात पडदे ओढून कूलरसमोर काम केलं तरी मागे गरम व्हायचा, पण बंद पडला नाही. स्टँड डुगडुगतो, खाली पुठ्ठा घातला आहे.

चौकटी आजच एकवर आणल्या, काळ्या होत्या त्या राखाडी केल्या. गिऱ्हाइकाचं 'आता बरं' आलं, बिलाचं अजून काही आलं नाही.

ठिपका आहे तिथेच. आई सकाळी धूळ पुसताना तिथे पदर जरा जास्त घासते. सांगून पाहिलं की आतून आहे. म्हणते, निघेल हळूहळू.