डिझेल पंप खरंच गेलाय का? ओबीडी स्कॅनर काही महिने वापरल्यानंतर

डिझेल गाडी चढावर दम सोडायला लागली की ‘पंप गेला’ हा निकाल लगेच लागतो. इंजिनला जास्त दाबाने डिझेल पुरवणारा हा पंप महागडा भाग. तो उतरवण्याआधी दाब मोजलाच पाहिजे, म्हणून मी ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर घेतला, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून त्यातले बिघाडाचे कोड आणि आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं उपकरण. काही महिन्यांच्या वापरानंतर मी तो मनापासून सुचवेन, पण कोड वाचण्यासाठी नव्हे, लाइव्ह डेटासाठी, म्हणजे त्या त्या क्षणी बदलत जाणाऱ्या आकड्यांसाठी.

आमच्या कॉमन रेल गाडीने (पंप एका सामायिक नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबाने डिझेल भरतो आणि तिथून इंजेक्टर ते इंजिनात फवारतात) पी००८७ हा कोड दिला होता. त्याचा अर्थ एवढाच की रेलमधला दाब कमी पडतोय. चोंदलेला फिल्टर, नळीत शिरणारी हवा, जास्त रिटर्न सोडणारे (न फवारलेलं डिझेल जास्त परत पाठवणारे) इंजेक्टर, रेलवरचा जादा दाब सोडणारा गळका रिलीफ व्हॉल्व्ह, पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा पण अडकणारा मीटरिंग व्हॉल्व्ह, यातल्या कशानेही हाच कोड येऊ शकतो.

लाइव्ह डेटा उघडला की चित्र बदलतं. बहुतेक कॉमन रेल इंजिनांत स्टार्टर फिरताना रेलचा दाब साधारण २०० बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास पोहोचावा लागतो, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंजेक्टर उघडतच नाही. तेव्हा आरपीएमही (इंजिनचे मिनिटाला फेरे) बघा. बॅटरी उतरलेली असेल तर पंप पुरेशा वेगाने फिरत नाही आणि बोल उगाच पंपाला लागतो. आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असताना) सहसा २५० ते ३५० बार दिसतात. अ‍ॅप किलोपास्कलमध्ये आकडा दाखवतं, तेव्हा ३०,००० म्हणजे ३०० बार.

आमच्या गाडीत आयडलचा दाब व्यवस्थित होता, चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की कोसळायचा. अशा वेळी आधी पंपापर्यंत येणारं डिझेल तपासावं. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी जोडली, तर बुडबुड्यांची रांगच दिसली! फिल्टरच्या पाणी काढायच्या बोल्टाचं सील कडक झालं होतं. बाहेर थेंबही गळत नव्हता, कारण या गाडीत पंपच टाकीतून डिझेल ओढतो; त्या नळीत दाब नसतो, ओढ असते, म्हणून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. सील बदललं, दाब टिकायला लागला. पंप तोच आहे.

उणिवाही आहेत. ईसीयूने मागितलेला दाब आमच्या साध्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही, आणि तो दिसल्याशिवाय मिळालेला दाब कमी की बरोबर हे ठामपणे सांगणं अवघड जातं. आकडे सावकाश बदलतात, क्षणभराची घसरण निसटते. इंजेक्टरचा रिटर्न बाटल्या लावूनच मोजावा लागतो. फिल्टरमध्ये चमकणारा धातूचा चुरा निघाला तर पंपच झिजतोय असं समजा. हे कुठलाही स्कॅनर सांगणार नाही.

एक कळकळीची विनंती: इंजिन चालू असताना हाय-प्रेशर नळीचा नट कधीही सैल करू नका. त्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत जाते.

पूर्ण मेकॅनिकल पंपाची जुनी गाडी असेल तर हा स्कॅनर घेऊ नका. तिथे पारदर्शक नळीच कामाची.