हळदीच्या पट्टीचं अ‍ॅप: हिशेब चोख, बोलणं मात्र अर्ध्यांशीच

सांगली मार्केट यार्डात हळदीचा किंवा तासगावला बेदाण्याचा सौदा झाला की वजन, दर, हमाली-तोलाई आणि हाती येणारी रक्कम, म्हणजेच सौद्याची पट्टी, मोबाईलवर दाखवणारं हे अ‍ॅप. हिशेबात खोट नाही. नव्या आवृत्तीत 'सर्वांना आपली वाटेल अशी भाषा' आणल्याचा कंपनीचा दावा आहे, म्हणून इथे फक्त भाषेचंच बघू.

सुधारणा झालीय हे खरं. पूर्वी पैसे अडकले की मेसेज यायचा: 'प्रिय शेतकरी बंधू, आपला व्यवहार अयशस्वी झाला आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' चूक कोणाची, करायचं काय, काहीच कळत नाही. आणि शेती बाईच्या नावावर असली तरी ती बंधूच. आता अ‍ॅपमध्ये दिसतं: 'पट्टीचे पैसे बँकेतून परत आले. खाते क्रमांक तपासा.' दोष नाही, वाट आहे. शिवाय देवनागरी एसएमएस ७० अक्षरचिन्हांत बसला तरच एक धरला जातो, आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजतात. जुना मजकूर ७५ चिन्हांचा, म्हणजे दोन एसएमएसचा खर्च. नवा ४९ चा.

पण एसएमएसने अजून 'बंधू'च येतो! कारण साधं आहे. व्यावसायिक एसएमएसचा प्रत्येक साचा आधी डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-प्रणालीवर, मंजूर करून घ्यावा लागतो. एक शब्द बदलला तरी पुन्हा मंजुरी. कंपनीने स्क्रीन बदलली, साचे तसेच ठेवले.

खरी गोची क्रियापदात आहे. पूर्वी 'सुनीता लॉगिन झाला आहे' असं यायचं, आता आदर म्हणून 'सुनीताताई लॉगिन झाले आहेत'. तेही चूकच, ताई 'झाल्या' असतात. खरं तर मराठीत याची सोय तयार आहे. नाव गाळून थेट 'तुम्ही' म्हणा: 'तुम्ही लॉगिन झालात', 'तुम्ही माल आणलात'. बाई-पुरुष दोघांना चालतं. तिसऱ्याबद्दल सांगायचं तर 'ने' लावा: 'खरेदीदाराने बोली लावली'. बोली स्त्रीलिंगी, म्हणून 'लावली'. लावणारं कोणीही असो. प्रोग्रामरमंडळी २०२० मध्ये गिटहबवर (कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर) कोडच्या मुख्य शाखेचं गुलामगिरीची आठवण देणारं 'मास्टर' हे नाव जाऊन 'मेन' झालं ते कौतुकाने सांगतात, पण आपल्या मराठीतला 'झाला' त्यांना दिसत नाही.

'काळी यादी' जाऊन 'व्यवहार थांबवलेले खरेदीदार' आलं, हे उत्तम. अर्थही जास्त स्पष्ट. अर्जात 'अपंग'च्या जागी 'दिव्यांग' आहे. पत्त्याच्या यादीत मात्र वस्त्यांची जातिवाचक नावं तशीच आहेत. ती बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्येच घेतला. पत्त्यांची जुनी फाईल उचलून चिकटवली की असंच होतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक नोंदणीत आहे. पुरुषाला 'मधले नाव' विचारतात, तेही ऐच्छिक. 'स्त्री' निवडलं की 'पतीचे नाव' सक्तीचं. पासबुकावर माहेरचं नाव असेल तर नाव जुळत नाही आणि खात्याची पडताळणी अडते. कंपनी हे सुधारेपर्यंत उपाय एकच: त्या रकान्यात पासबुकावर आहे तेच मधलं नाव, त्याच स्पेलिंगने टाकावं.

हिशेबाला पाचपैकी साडेचार, भाषेला तीन.