नाक धुण्याची बाटली: चांगली वस्तू, पण नळाच्या पाण्याने वापरू नका

सर्दी टाळण्याचा घरगुती उपाय म्हणून विकली जाणारी, हाताने दाबून नाक धुण्याची बाटली मी सध्या नियमित वापरत आहे. २४० मिलिलिटर पाणी मावणारी मऊ बाटली, नाकपुडीवर नीट टेकणारे गोलसर टोक आणि मीठ व खायचा सोडा मापून भरलेल्या पुड्या, एवढेच साहित्य खोक्यात मिळते. बेसिनवर वाकून, तोंडाने श्वास घेत बाटली हलकेच दाबली की पाणी एका नाकपुडीतून शिरून दुसरीतून बाहेर पडते आणि साचलेला शेंबूड सोबत घेऊन येते. लिटरला सुमारे ९ ग्रॅम मीठ हे प्रमाण शरीरातील द्रवांशी जुळणारे असल्यामुळे नाकात झोंबत नाही. साध्या पाण्याने मात्र चांगलेच झोंबते.

माझा आक्षेप माहितीपत्रकावर आहे. नळाचे पाणी थेट वापरू नये, ही सर्वांत महत्त्वाची सूचना त्यात शेवटी, बारीक अक्षरांत छापली आहे. नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा पिण्याच्या पाण्यातून पोटात गेला तर अपाय करत नाही, परंतु नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचला तर होणारा आजार बहुतेक वेळा जिवावर बेततो. हा आजार अत्यंत दुर्मिळ आहे. तरीही पाणी किमान १ मिनिट खळखळून उकळून, कोमट होऊ देऊन मगच वापरावे, हे खोक्यावर ठळकपणे छापायलाच हवे होते.

‘सर्दीपासून संपूर्ण संरक्षण’ हा दावाही मला पटत नाही. सर्दी करणारे विषाणू २०० हून अधिक आहेत आणि ते बरेचदा आपल्याच हातांवरून नाकाडोळ्यांत जातात, त्यामुळे साबणाने २० सेकंद हात धुण्याची जागा ही बाटली घेऊ शकत नाही. एडिनबरा येथील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्राथमिक अभ्यासात, सर्दी सुरू होताच मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या आणि गुळण्या करणाऱ्यांची सर्दी सरासरी जवळपास २ दिवस लवकर ओसरली आणि घरातील इतरांना होणारी लागणही कमी झाली. म्हणजे या वस्तूचा खरा उपयोग पहिल्या शिंकेनंतरचा आहे, आणि तेवढ्यासाठी ती मला घरात हवीच वाटते.

झाकणाच्या आट्यांमध्ये आणि आतल्या नळीत ओल राहते, म्हणून प्रत्येक वापरानंतर सर्व भाग सुटे करून, धुऊन, कोरडे करावेत. बाटली प्रत्येकाची स्वतंत्र असावी. कान दुखत असेल किंवा नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.