आधी तेंडुलकर की आधी काफ्का?

ठाण्यातल्या आमच्या वाचनगटात पुढचा विषय 'साहित्यातलं न्यायालय'. दोन नावं समोर आहेत: विजय तेंडुलकरांचं नाटक 'शांतता! कोर्ट चालू आहे' आणि फ्रान्झ काफ्का या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या लेखकाची कादंबरी 'द ट्रायल'.

तेंडुलकरांचं कोर्ट खोटं आहे. वेळ घालवायला हौशी नाटकवाले अभिरूप खटला रचतात आणि आरोपी म्हणून लीला बेणारेला उभं करतात. आरोप भ्रूणहत्येचा. बघता बघता खेळ तिच्या खऱ्या आयुष्यात शिरतो. मला सर्वांत अस्वस्थ करतो तो क्षण, जेव्हा न्यायाधीश झालेला काशीकर स्वतःच साक्ष द्यायला उतरतो. कायद्याची भाषा तीच, 'मिलॉर्ड'ही तेच, पण निवाडा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुजबुजीनं आधीच झालेला असतो.

काफ्काचं कोर्ट खरं आहे, पण ते हाती लागत नाही. योसेफ के.ला एका सकाळी अटक होते. गुन्हा कोणता, हे अखेरपर्यंत कळत नाही. काफ्का स्वतः कायद्याचा डॉक्टर होता, कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर 1925 साली आली. कोर्ट नाक्यावर काकांच्या जमिनीच्या दाव्यासाठी मी फायली घेऊन थांबलोय, त्यामुळे ती वाट पाहणं मला अंगावर येतं.

तरी माझं मत तेंडुलकरांना. काफ्काकडे छळणाऱ्या यंत्रणेला चेहरा नाही, इथे ते चेहरे आपल्या ओळखीचे आहेत. आणि नाटक मोठ्यानं वाचता येतं. बेणारेचं शेवटचं स्वगत मात्र कुणीतरी आधी घरी वाचून यावं, ते सहज झेपणारं नाही.